खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा खरंच शिकतो, की ती नुसती लाच?

मृणाल_ठाणे

नमस्कार. इथे कुत्री-मांजरं पाळणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. थोडं लांबेल.

आमची बुंदी आता दहा महिन्यांची झाली. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पंपरूमपाशी चार पिल्लं होती, त्यातली ही एक. पाठीवर केशरी ठिपके, म्हणून मुलाने नाव ठेवलं बुंदी. गावठीच, हल्ली ज्यांना सगळे इंडी म्हणतात. घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासरे.

अडचणी तीन आहेत. बेल वाजली की भुंकत दाराकडे धावते आणि येणाऱ्याच्या अंगावर उड्या मारते. बाबांचे मित्र येतात, सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणी पडलं तर काय, ही धास्ती असते. फिरायला नेलं की खांदा निखळेल इतकी ओढते, आणि स्कूटर गेली की तिच्यावर झेपावते. तिसरं म्हणजे चप्पल तोंडात धरून दिवाणाखाली जाते आणि काढून घ्यायला हात घातला की गुरगुरते.

मार्चमध्ये एक ट्रेनर लावला होता. त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात आवळणारी साखळी घातली. ओढलं की झटका. "घरात मालक कोण हे तिला समजलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी खाली त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि बुंदीने हॉलमध्येच शू केली. अंग चोरून, कान मागे पाडून अशी बसली होती की मला बघवेना. त्याच दिवशी शिकवणी बंद केली.

मग वाचून वाचून मीच खाऊ देऊन शिकवायला लागले. "बस" दोन दिवसांत आलं. पण सासरे म्हणतात, "ही लाच झाली. हातात खाऊ नसेल तेव्हा ती तुला ओळखही देणार नाही." आणि खरंच, माझ्या चिमटीत चिकन दिसलं तर बसते, नाहीतर खिडकीबाहेर बघत राहते. मारून शिकवायचं नाही हे माझं पक्कं आहे. पण बाबांना काय उत्तर देऊ?

मोत्याचा_काका

मृणालताई, तुमच्या सासऱ्यांशी मी सहमत आहे. आमच्या साताऱ्याकडच्या घरी मोत्या बारा वर्षं होता. त्याला कुणी ट्रेनर लावला नाही, की चिकनचे तुकडे खिशात घेऊन कुणी हिंडलं नाही. शिळी भाकरी, ताक, सणाला पुरणपोळीचा तुकडा. अंगणात झोपायचा, परका आला की भुंकायचा, हाक मारली की शिवाराच्या टोकावरून धावत यायचा. चुकला तर वर्तमानपत्राची गुंडाळी, ती पण जोरात नाही. जनावराला धाक हवाच. धाक म्हणजे छळ नव्हे.

चैत्रपालवी

+१ काकांना. आमच्या आजोळीही असंच होतं.

रेवती_पुणे

मृणाल, मी गेली नऊ वर्षं पुण्यात हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे सासरे जे बघताहेत ते त्यांनी अचूक टिपलंय. आत्ता तू जे करतेयस त्यात लाचेचा भाग आहे. लाच काम होण्याआधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. तू चिमटीत चिकन धरून "बस" म्हणतेस. तेव्हा बुंदीसाठी हुकूम कुठला? तुझा शब्द नव्हे, ती चिमूट. चिमूट दिसली की बसायचं, एवढंच ती शिकली आहे, आणि ते मात्र पक्कं शिकली आहे.

उद्यापासून असं कर. खाऊची डबी ओट्यावर ठेव. दोन्ही हात मोकळे. "बस" म्हण. तिची बैठक जमिनीला टेकली त्या क्षणी एक ठरलेला छोटा शब्द उच्चार, "येस" म्हण, "छान" म्हण, घरातल्या सगळ्यांचा तोच एक. मग डबीकडे जा आणि तुकडा आणून दे. त्या शब्दाचा अर्थ "आत्ता जे केलंस ना, त्याचेच पैसे मिळणार आहेत" असा तिच्या डोक्यात बसला पाहिजे. आधी दोन दिवस नुसतं शब्द आणि लगेच तुकडा, शब्द आणि लगेच तुकडा, असं दिवसातून वीस-पंचवीस वेळा.

या शब्दाचं महत्त्व मी प्रत्येक घरात हात जोडून सांगते. कारण कुत्र्याचा हिशेब सेकंदावर चालतो. ती बसली, तू पिशवी उघडायला लागलीस, ती उठून पिशवी हुंगायला आली आणि मग तू तुकडा दिलास, तर पैसे कशाचे मिळाले? उठून पिशवी हुंगण्याचे. तू म्हणशील बसल्याचे, पण तुझ्या मनातलं तिला वाचता येत नाही.

ही युक्ती डॉल्फिनवाल्यांनी खूप घासूनपुसून घेतली. पाण्यातल्या डॉल्फिनला साखळी घालता येत नाही आणि मारायला गेलात तर तो निघून जातो. त्याने उडी मारली तेव्हा मासा त्याच्या तोंडापर्यंत पोचवणार कसा? म्हणून शिट्टी. उडीच्या ऐन टोकाला शिट्टी, मासा नंतर. करेन प्रायर या बाई १९६० च्या दशकात हवाईला डॉल्फिन शिकवत होत्या, पुढे त्यांनीच हे कुत्र्यांच्या लोकांमध्ये रुजवलं. शिट्टीच्या जागी टिकटिक वाजणारा क्लिकर आला. त्याच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ स्किनर, आणि त्याच्याही आधी थॉर्नडाइक. त्याने १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून पाहिलं की ज्या हालचालीने दार उघडतं तीच मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. ज्याने फायदा झाला ते पुन्हा होतं. बाकी सगळा फापटपसारा या एका वाक्यावर उभा आहे.

उड्यांचंही हेच. बुंदी उडी मारते तेव्हा तिला काय मिळतं? "अगं बुंदी, बास!" म्हणत माणूस तिच्याकडे बघतो, दोन्ही हातांनी तिला ढकलतो. तुमच्यासाठी ते ओरडणं, तिच्यासाठी कुस्ती. तिला ती कुस्ती नको, दुसरं काहीतरी भारी मिळायला हवं. बेलसाठी उद्या वेगळं लिहिते, आत्ता क्लास आहे.

मोत्याचा_काका

रेवतीताई, लाच आणि पगार यातला फरक पटला. पण धाकाशिवाय शिस्त येते हे अजून पटलेलं नाही. फौजेतले कुत्रे काय चिकनवर बसतात?

दुर्गवेडा

काकांशी सहमत. कुत्रा म्हणजे शेवटी लांडगा. कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याच्या धाकात. घरात आपण म्होरके झालो नाही तर कुत्रा होतो. त्याच्या आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण जायचं. हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे.

रानवाटा

@दुर्गवेडा, हे मीही वाचलं होतं आणि बरीच वर्षं खरं मानत होतो, म्हणून सांगतो. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ साली लांडग्यांवर निबंध लिहिला, त्यातून ही म्होरक्याची गोष्ट निघाली. त्याने पाहिलेले लांडगे होते बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले, कुंपणात एकत्र कोंडलेले. पुढे डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात तीच मांडणी घेतली आणि ती जगभर पसरली. पण मेक नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्झमियर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले. तिथे त्यांना काय दिसलं? कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पोरं आईबापांच्या मागे जातात, कारण ते आईबाप आहेत. लढून म्होरकेपद मिळवण्याचा प्रश्नच नाही. १९९९ साली त्यांनी हे छापून स्पष्ट केलं आणि पुढे आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. माणूस स्वतःचं गाजलेलं म्हणणं इतक्या उघडपणे मागे घेतो, याचा मला फार आदर वाटतो.

बरं, आपला कुत्रा लांडगाही नाही. हजारो वर्षं तो माणसाच्या उष्ट्यावर, माणसाच्या उंबऱ्याशी वाढलेला आहे. बुंदी उडी मारते ती गादी बळकवायला नव्हे, तोंडाजवळ पोचायला. पिल्लं आईचं तोंड चाटतात तसं.

दुर्गवेडा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. विचार करतो.

माणदेशी

अवांतर होईल, पण काकांच्या मोत्यावरून आठवलं. आमच्याकडे आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला मेंढक्यांचे वाडे पडतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. लहानपणी मी त्यांच्यात जाऊन बसायचो. पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांतच. कोकराला बिलगून झोपणार, मेंढीने ढुशी दिली की बाजूला होणार. म्हाताऱ्या कुत्र्यामागून हिंडत शिकणार. एकदा एका पिल्लाने कोकराचा कान ओढला. मला वाटलं आता म्हातारबाबा काठी घालणार. त्यांनी पिल्लाला उचललं, वाघरीच्या म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या बाहेर ठेवलं आणि घोंगडी झटकायला लागले. पिल्लू बाहेर कुंई कुंई करतंय, आत सगळे. थोड्या वेळाने जाळी उचलून आत घेतलं. पुन्हा ओढला कान, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा नाही ओढला.

काठी त्यांच्या हातातच होती, ती कुत्र्यासाठी नव्हती.

रेवती_पुणे

माणदेशी, किती सुंदर लिहिलंत. अगदी हेच आम्ही शिकवतो. चुकलं तर जे हवं आहे ते थोडा वेळ बंद. मार नाही, आरडाओरडा नाही.

काका, फौजेचं म्हणाल तर मेरठला लष्कराचं आणि टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं केंद्र आहे, कुत्री तिथे तयार होतात. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यासाठी तो सगळा शोध म्हणजे त्याच्या चेंडूचा शोध असतो. वास सापडला, खाली बसला की हँडलर चेंडू काढतो आणि दोघं वेड्यासारखे खेळतात. वास हुडकण्याचं काम धाकाने करून घेताच येत नाही. घाबरलेला कुत्रा हुंगत नाही, तो हँडलरचा चेहरा बघत बसतो.

आणि धाकाची किंमतही मोजली गेली आहे. २०२० साली पोर्तुगालमध्ये वेगवेगळ्या श्वान-शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. झटके देऊन, ओरडून शिकवणाऱ्या शाळांतली कुत्री शिकताना जास्त जांभया देत होती, ओठ चाटत होती, अंग चोरत होती. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं. ती शिकत नव्हती असं नाही. पण कशाच्या बदल्यात शिकत होती ते बघा.

मृणाल, आता बेल. आधी बेलशिवाय सुरू करायचं. दारापासून सहा-सात फुटांवर तिचं पायपुसणं टाक. तिने त्यावर पाय ठेवला की "येस" आणि तुकडा, तोही पायपुसण्यावरच. तुकडा हातात नको, खाली टाक, म्हणजे तिला ती जागाच आवडायला लागेल. चार-पाच दिवसांत ती आपणहून तिथे जाऊन तुझ्याकडे बघेल. मग मुलाला बाहेर पाठव, त्याला बेल वाजवायला सांग. बेल वाजली की दाराकडे जाऊ नकोस, पायपुसण्यावर तुकडे पसर. पुन्हा बेल, पुन्हा तुकडे. दार उघडायचंच नाही. हे पंधरा-वीस वेळा झालं की बेलचा अर्थ बदलतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं ते पचनाच्या कामासाठी, पण त्याच्या कुत्र्यांनी आपल्याला शिकवलं ते हे. तोवर खरे पाहुणे आले की तिला पट्टा लावून आतल्या खोलीत ठेव. सराव होईपर्यंत उडीचा एकही पगार तिला मिळता कामा नये.

एक विचारायचं राहिलं. स्कूटरवर झेपावणं कधी सुरू झालं?

मृणाल_ठाणे

एप्रिलपासून. आधी नव्हतं. अरे देवा. तो ट्रेनर मोटरसायकलवरून यायचा.

रेवती_पुणे

मला तीच शंका आली. नक्की कोण सांगणार, पण दुचाकीचा आवाज, मग तो माणूस, मग गळ्याला आवळ, अशी साखळी तिच्या मनात जुळली असेल. ती हल्ला करत नाहीये, "लांब जा" म्हणतेय. आणि स्कूटर दर वेळी निघूनच जाते, म्हणजे तिचं म्हणणं दर वेळी खरं ठरतं. हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश सुटेल. गळ्याचा पट्टा सोडून छातीवरचा हार्नेस घे आधी.

अन्नपूर्णा_डोंबिवली

आमचं घर शाकाहारी आहे, चिकन आणता येत नाही. काय द्यावं? सध्या ग्लुकोजची बिस्किटं देते.

सह्याद्री_व्हेट

बिस्किटं नकोत, साखर आणि मैदा. पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. उकडलेलं गाजर, बिया काढलेलं पपई-सफरचंद, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे थोडे, उकडलेला रताळ्याचा तुकडा. घरातल्या शांत कामाला रोजचं खाणंच वापरा, वाटीत ओतण्याऐवजी हाताने द्या. पनीर बाहेरच्या कठीण कामासाठी राखून ठेवा. दिवसभरात जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी.

आणि हे कृपया लक्षात ठेवा. द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाचा शिरा, लाडू, श्रीखंडातला मेवा यातून ते पोटात जातं. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही, म्हणजे आपली रोजची आमटीही नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये अनेकदा झायलिटॉल असतं, साखरेऐवजी घातलेलं आणि कुत्र्यांना विषारी, ते पर्समधून पळवलं तर तडक डॉक्टर गाठा.

नाशिकची_मळेवाली

द्राक्षांच्या दिवसांत आमच्या राखणीच्या कुत्र्याला मळ्यात खाली पडलेली द्राक्षं उचलायची सवय होती. डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही त्याला "सोड" शिकवलं, एका मुठीत शेंगदाणा बंद करून. तो हुंगतो, चाटतो, पंजा मारतो, मूठ उघडायची नाही. तोंड मागे घेतलं रे घेतलं की दुसऱ्या हातातून चांगला तुकडा. तीन दिवसांत कळलं त्याला, की सोडलं तर जास्त मिळतं. आता मळ्यात मी "सोड" म्हटलं की मान वळवतो.

स्मिता_कोल्हापूर

गुरगुरण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. लिहायला जड जातंय.

आमचा स्पिट्झ हाडावरून गुरगुरायचा. मी दर वेळी रागावायचे, नाकावर चापट मारायचे. महिन्याभरात गुरगुरणं थांबलं. मला वाटलं सुधारला. मग एका संध्याकाळी माझी पाच वर्षांची मुलगी त्याच्या ताटलीजवळून गेली, आणि आवाज न करता, दात न दाखवता तो थेट चावला. तिच्या मनगटाला चार टाके पडले. लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, रेबीजची इंजेक्शनं घेतली, सगळं केलं. नंतर एका बाईंनी मला समजावलं की भीती तशीच होती, मी फक्त त्याची घंटा काढून टाकली होती.

मृणाल, बुंदी गुरगुरते तर तिचे आभार मान. ती आधी सांगते आहे. हात घालू नकोस. दिवाणापासून लांब, तिला दिसेल असा पनीरचा तुकडा टाक, मग आणखी लांब दुसरा. ती बाहेर येऊन तिसरा खात असताना कुणीतरी चप्पल उचलावी. आम्ही पुढे एक केलं, जुनी चप्पल तिथेच तिच्यासमोर परत दिली. घेतली, तुकडा दिला, चप्पलही परत. आमच्याकडे तो आपणहून वस्तू आणून द्यायला लागला, कारण देण्यात तोटा नाही हे त्याला समजलं. त्याच घरात तो आणि माझी मुलगी आणखी सात वर्षं राहिले.

चैत्रपालवी

स्मिता, हे लिहिलंस त्याबद्दल खरंच आभार. आमच्याकडेही चापट चालते. आजपासून बंद.

लातूरकर

आमच्याकडे कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे. त्याला नुसतं मोठ्याने बोललं तरी दिवसभर जवळ येत नाही, फार हळवी जात. त्याला खाण्याचंही अप्रूप नाही. त्याचा पगार म्हणजे पळणं. "थांब" म्हटलं, थांबला, की शेतात मोकळा सोडतो. त्याच्यापुढे पनीर काहीच नाही.

कार्डिफची_केतकी

इथे वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी कुत्र्यांना बाहेर ठेवलं आणि आम्हा माणसांनाच शिकवलं. एकाने खोलीत यायचं, बाकीच्यांनी मनात ठरवलेली कृती त्याच्याकडून फक्त टाळ्यांनी करवून घ्यायची. मी आले तेव्हा मला खिडकीचा पडदा ओढायचा होता. योग्य दिशेला वळले की टाळी. दहा मिनिटं लागली, घामाघूम झाले, पण टाळी वाजली की काय आनंद व्हायचा! मग दुसऱ्या फेरीत टाळ्यांऐवजी चुकीला "नाही!" ओरडायचं ठरलं. मी तीन "नाही"नंतर खोलीच्या मधोमध उभी राहिले, हलेचना. घरी जाऊन मी आमच्या पिकूला मिठी मारली.

सदाफुली

दिवाळीचं कुणी सांगेल का? आणि त्याआधी गणपतीतले ढोल. आम्ही लक्ष्मी रस्त्याला लागून राहतो. गोट्या दहा दिवस काही खात नाही.

रेवती_पुणे

सदाफुली, आत्ता जून आहे, म्हणजे वेळ चांगला हातात आहे. मोबाइलवर ढोलाचं ध्वनिमुद्रण इतक्या बारीक आवाजात लाव की गोट्याचा फक्त कान वळेल, चेहरा नाही बदलणार. ढोल सुरू, चिकन सुरू. ढोल बंद, चिकन बंद. रोज पाच मिनिटं. आवाज आठवड्याला एक पायरी वाढव. तो खाईनासा झाला तर दोन पायऱ्या खाली ये. गौरी-गणपतीत त्याला घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, पंखा लावून, खिडकीला गोधड्या. आणि तो येऊन बिलगला तर त्याला जवळ घे. जवळ घेतल्याने भीती वाढते असं सांगणारे भेटतील, तसं होत नाही. काही कुत्र्यांना औषधाची गरज असते, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव, आदल्या दिवशी नको.

मोत्याचा_काका

चार दिवस हा धागा वाचतोय आणि मोत्या डोळ्यांसमोर येतोय.

मी लिहिलं होतं की हाक मारली की तो शिवाराच्या टोकावरून यायचा. काल रात्री आठवलं, त्याला हाक मारायची ती आई. दिवेलागणीला मागच्या दारात उभी राहून "यू यू यू" करायची. आणि तिच्या हातात भाकरीचा पापुद्रा असायचा. रोज. बारा वर्षं. त्या हाकेला तो आला आणि त्याला काही मिळालं नाही, असं मला एक दिवसही आठवत नाही. ती त्याला रागावायला कधी "यू यू" करायची नाही. रागवायचं असेल तर ती स्वतः उठून त्याच्याकडे जायची.

वडिलांनी बोलावलं तर तो कधी यायचा, कधी नाही. वर्तमानपत्राची गुंडाळी वडिलांच्या हातात असायची. हे मी लहानपणापासून बघत होतो आणि त्याचा अर्थ मला आज लागतोय.

रेवती_पुणे

काका, तुमच्या आईंसारखी शिक्षिका मिळणं कठीण. मी यापुढे वर्गात ही गोष्ट सांगेन, चालेल ना? येण्याची हाक तिने कधी खराब होऊ दिली नाही. लोक काय करतात, बागेत कुत्रा छान खेळत असतो, त्याला हाक मारतात, आला की पट्टा अडकवून घरी. दुसऱ्या दिवशी हाक मारली, आला की अंघोळ. मग म्हणतात ऐकत नाही. हाक मारा, द्या, आणि दहातल्या नऊ वेळा परत खेळायला सोडा.

मोत्याचा_काका

चालेल. तिला आवडलं असतं.

मृणाल_ठाणे

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बाबांना दिले होते, त्यांना मोबाइलवर वाचवत नाही.

चप्पल: स्मिताताई, तुमची युक्ती लागू पडली. परवा बुंदीने मुलाचा बूट स्वतः आणून माझ्या पायाशी ठेवला आणि बसली. बाकी चपला मात्र आम्ही कपाटात टाकायला शिकलो, तेही शिक्षण झालंच.

बेल: रेवती, पायपुसण्यावर जाते. कुरिअरवाला असेल तर दहातून आठ वेळा. मुलाचे मित्र आले तर अजून विसरते, पण उडी दोन पायांऐवजी एका पायाची झाली आहे.

आणि बाबांचा प्रश्न. गेल्या मंगळवारी रात्री लाइट गेले. लिफ्ट बंद, मी आणि बाबा बुंदीला घेऊन चौथ्या मजल्यावरून जिना उतरत होतो. बाबांच्या हातात टॉर्च. दुसऱ्या मजल्यावर खालून कुणीतरी सिलिंडर वर आणत होतं, जिना अरुंद. मी नुसतं "बस" म्हटलं. खिशात काही नव्हतं, डबी वर ओट्यावर. बुंदी भिंतीला टेकून बसली. तो माणूस सिलिंडर घेऊन तिच्या नाकासमोरून गेला, ती बसलेली. बाबांनी टॉर्च तिच्यावर धरला. म्हणाले, "बसली की." मग थोडं थांबून, "अगं मग दे ना तिला काहीतरी!" माझ्याकडे काही नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः वाकून तिची मान खाजवली, बराच वेळ. वर आल्यावर अंधारात पनीर शोधून दिलं.

स्कूटर अजून सुटलेली नाही. काल पावसात एक अचानक वळणावरून आली, झेपावली, मी घसरता घसरता वाचले.

रेवती_पुणे

मृणाल, वाचून डोळे भरून आले. बाबांना सांग, मान खाजवणं हाही पगारच. आता सवय पक्की झाली की प्रत्येक वेळी खाऊ लागणार नाही. कधी तुकडा, कधी दार उघडणं, कधी झाडाचं खोड हुंगू देणं. फक्त एकदम बंद करू नकोस.

स्कूटरसाठी अंतर हेच औषध. धावती नको, आधी उभी, बंद स्कूटर. जितक्या लांबून ती बघू शकते आणि तरी तुकडा खाऊ शकते, तिथून सुरुवात. तिने स्कूटरकडे बघितलं की "येस". आज किती लांबून जमतं ते बघून कळव.

मृणाल_ठाणे

आत्ताच जाऊन आलो. बाबाही आले होते, पनीरची डबी त्यांच्याकडे. रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानासमोर एक पांढरी स्कूटर उभी होती. आम्ही अलीकडे, पिंपळापाशी. बुंदीचे कान ताठ, शेपूट ताठ. मी "येस" म्हटलं तर पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही तिला. चार पावलं मागे आलो. तिने पुन्हा स्कूटरकडे बघितलं, आणि मी बोलायच्या आत मान वळवून बाबांकडे बघितलं.